नदी कुठवर येते, हे नकाशाला कसे कळते?

गेल्या अंकात आम्ही भौगोलिक माहिती प्रणालीच्या, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी असलेल्या जीआयएसच्या, आधारे पूरप्रवण क्षेत्रे कशी ठरवतात याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे पंचगंगा आणि कृष्णा यांच्या काठावरून आली, हे अपेक्षितच होते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. पहिल्या उत्तराला जागा अधिक लागली, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : एका महाविद्यालयीन प्रकल्पात कोल्हापूर जिल्ह्याचा पूरधोक्याचा नकाशा पाहिला. त्यात गगनबावडा लाल रंगात आणि आमचे गाव हिरव्या रंगात, म्हणजे ‘अल्प धोका’ या वर्गात दाखवले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत आमच्या घरात पाणी होते. संगणकाने काढलेला नकाशा इतका चुकतो कसा?
— एक निवृत्त शिक्षक, शिरोळ तालुका

आपण पाहिलेला नकाशा बहुधा गुणांकन पद्धतीने तयार केलेला असावा. या पद्धतीत पाऊस, जमिनीचा चढ, उंची, नदीपासूनचे अंतर, मातीचा प्रकार, जमिनीचा वापर असे सहा-सात थर घेतात, प्रत्येक थराला महत्त्वानुसार भार देतात, त्यांची बेरीज करतात आणि आलेल्या संख्येचे पाच वर्ग पाडून त्यांना हिरव्यापासून लालपर्यंत रंग देतात. भार ठरवण्यासाठी थॉमस साटी यांची एएचपी ही पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यात दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून ‘पाऊस हा चढापेक्षा किती पट महत्त्वाचा’ अशा प्रश्नांना १ ते ९ यांपैकी गुण द्यायचे असतात. गणित नेटके आहे, पण गुण देणारा माणूसच असतो. शेवटी सुसंगतीची जी कसोटी लावतात, ती एवढेच सांगते की गुण देणाऱ्याने स्वतःचेच म्हणणे खोडून काढलेले नाही. ते म्हणणे नदीला मान्य आहे की नाही, हे त्या कसोटीला कळत नाही.

आपल्या जिल्ह्यात या पद्धतीची फजिती पावसाच्या थरापाशी होते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, तर शिरोळ तालुक्याची सरासरी सहाशे मिलिमीटरांच्याही आत आहे. ज्याने ‘जास्त पाऊस म्हणजे जास्त धोका’ असे गुण दिले, त्याच्या नकाशात गगनबावडा लाल होणार आणि शिरोळ हिरवे राहणार, यात संगणकाचा काहीच दोष नाही. प्रत्यक्षात घाटमाथ्यावर पडलेला पाऊस तिथे थांबत नाही. तो कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांतून प्रयाग चिखलीला एकत्र येतो, पंचगंगा होऊन कोल्हापूरवरून उतरतो आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतो. त्या वेळी कृष्णाही रिकामी नसते, कारण कोयनेचे पाणी घेऊन ती सांगलीवरून आलेली असते आणि सांगलीच्या खाली तिला वारणाही मिळालेली असते. कृष्णेची पातळी चढलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. आपल्याकडे यालाच ‘फूग’ म्हणतात. शिरोळमध्ये तर ऊन पडलेले असताना पाणी चढताना लोकांनी पाहिलेले आहे. त्यामुळे आपल्या गावावर किती पाऊस पडला हा मुळात गौण प्रश्न आहे. आपल्या वरच्या अंगाला किती क्षेत्राचे पाणी जमा होते आणि खालच्या अंगाला पाण्याची पातळी किती आहे, हे दोन प्रश्न खरे आहेत. गुणांकनाच्या नकाशात पहिला प्रश्न क्वचित विचारला जातो, दुसरा जवळजवळ कधीच नाही.

याहून बरी पण तेवढीच सोपी एक वाट आहे. प्रत्येक ठिकाणाची उंची समुद्रसपाटीपासून न मोजता, त्या ठिकाणचे पाणी उताराने वाहत जाऊन ज्या ओढ्याला किंवा नदीला मिळते, त्या मिळण्याच्या जागेपासून मोजायची. ब्राझीलमधील संशोधकांनी रूढ केलेल्या या पद्धतीला ‘हँड’ असे नाव आहे. एखादे शेत समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, यातून पुराविषयी काहीच समजत नाही. तेच शेत नदीच्या पाण्यापेक्षा अवघे सहा मीटर उंच आहे, असे म्हटले की पुष्कळ समजते. मात्र हँडलाही फूग आपोआप समजत नाही. पाण्याची पातळी बाहेरून, म्हणजे नदीवरच्या मोजपट्टीवरून किंवा पूरखुणेवरून, द्यावी लागते.

आणि तरीही एक मोठी अडचण उरते, ती मूळ उंचीच्या माहितीची. आपल्याकडचे बहुतेक अभ्यास ज्या एसआरटीएम माहितीवर उभे असतात, ती २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर अवकाशयानावरील रडारने अकरा दिवसांत गोळा केली. जगाच्या दृष्टीने ते काम अपूर्व होते. पण रडारला जमीन दिसत नाही, जमिनीवरचे पहिले आवरण दिसते: झाडांचे शेंडे, घरांची छपरे आणि फेब्रुवारीत तोडणी न झालेल्या फडांतला ऊस. नदीच्या जागी पात्राचा तळ नव्हे, तर त्या दिवशीची पाण्याची पातळी नोंदली गेली, आणि फेब्रुवारीत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात हे आपणांस सांगायला नको. डोंगराळ भागात दोन-चार मीटरांच्या चुकीने फारसे बिघडत नाही. शिरोळसारख्या सपाट मुलखात मात्र जमीन पाचशे मीटर चालल्यावर एक मीटर चढत असेल, तर उंचीतली दोन मीटरांची चूक पाण्याची कड एक किलोमीटर सरकवते, म्हणजे एक अख्खे गाव आत किंवा बाहेर जाते.

म्हणून आपला अनुभव खरा आहे आणि तो नकाशा दुरुस्त करायला हवा. नरसोबाच्या वाडीला पाणी दत्तमंदिराच्या उत्तर दारातून आत येऊन पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि पंचक्रोशीला पाण्याची पातळी नेमकी समजते. त्या उंबऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लेव्हल यंत्राने एकदा काढली, तर भाविकांची ती नोंद जलशास्त्राचीही होईल.

प्रश्न : मी भूगोल विषयात एम.ए. करते. माझ्या तालुक्याचा पूरप्रवणता नकाशा हा प्रकल्प घेतला आहे, पण पैसे आणि महागडी प्रणाली दोन्ही नाहीत. सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

आता या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, वेळ आणि चपला लागतात. क्यूजीआयएस ही प्रणाली मोफत आहे आणि आपल्या कामाला पुरून उरेल. उंचीसाठी इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहापासून बनवलेले सुमारे ३० मीटर अंतराचे प्रतिमान, म्हणजे जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची उंची देणारा संगणकी नकाशा, मिळते. युरोपच्या कोपर्निकस योजनेचेही ३० मीटरचे मिळते, आणि माझ्या अनुभवात सपाट भागात ते एसआरटीएमपेक्षा स्वच्छ निघते. दोन-तीन प्रतिमाने उतरवून एकाच ओळीतला छेद काढून पाहावा. जिथे ती एकमेकांपासून फार दूर जातात, तिथे कुणावरच विश्वास ठेवू नये.

पहिली चूक बहुतेकांची प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या रीतीत, होते. उंची मीटरमध्ये आणि आडवे अंतर अंशांमध्ये ठेवून चढ काढला, की सगळा जिल्हा नव्वद अंशांचा कडा होऊन बसतो. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात पृथ्वीचे उभे विभाग पाडलेले असतात. आपला जिल्हा त्यांतल्या ४३ व्या विभागात येतो; पूर्व रेखांश ७८ च्या पलीकडे, म्हणजे नागपूरकडे, काम असेल तर ४४ वा विभाग घ्यावा. त्यानंतर प्रतिमानातले खोटे खड्डे भरावेत, पाण्याच्या वाहण्याची दिशा आणि साठत जाणारे क्षेत्र काढावे आणि तयार झालेले प्रवाह गावच्या नकाशावरील ओढ्यांशी ताडून पाहावेत. प्रवाह पुलापाशी अडलेले किंवा भलत्याच शेतातून वळलेले दिसतील. पुलाचा रस्ता प्रतिमानात भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून तिथे नदीची रेषा प्रतिमानात कोरावी लागते.

याच्या उलट, जे भराव खरोखर पाणी अडवतात, ते ३० मीटरच्या चौकटीत अर्धेमुर्धे पुसले जातात. शिरोलीजवळचा पुणे-बंगळूर महामार्ग २०१९ आणि २०२१ मध्ये पाण्याने बंद पडला होता आणि त्या भरावामुळे पाणी तुंबते ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. आपल्या अभ्यासक्षेत्रात असा भराव असेल, तर त्याची लांबी, उंची आणि मोऱ्यांची संख्या स्वतः जाऊन मोजावी व हाताने नकाशात भरावी. एवढ्या एका कामाने प्रकल्पाला जी किंमत येईल, ती आणखी तीन थर जोडून येणार नाही.

पुढे जायचे असेल तर अमेरिकी सैन्याच्या अभियांत्रिकी विभागाने तयार केलेली हेक-रास ही प्रणाली मोफत आहे. ती पाणी कसे पसरते आणि किती वेगाने, हे काढते. पण तिला पात्राचे आडवे छेद आणि विसर्गाचे आकडे लागतात. ते नसताना केवळ उपग्रहाच्या उंचीवर ती चालवली तर चित्र देखणे येते, इतकेच. माझे मत विचाराल, तर एम.ए.च्या प्रकल्पाला हँड पद्धत आणि चोख पडताळणी पुरेशी आहे.

पडताळणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रबंधांत सर्वांत जास्त हात तिथेच आखडला जातो. जिथे पाणी आले अशी पन्नास ठिकाणे घ्यावीत, तशीच जिथे कधीच आले नाही अशीही पन्नास घ्यावीत. फक्त बुडालेली ठिकाणे घेतली, तर सगळा तालुका लाल रंगवणारा नकाशाही शंभर टक्के बरोबर ठरतो. ज्या ठिकाणांच्या मदतीने नकाशा जुळवला, त्याच ठिकाणांनी तो तपासू नये. आणि ‘पाणी आले होते का’ एवढेच न विचारता ‘कुठवर’ असे विचारावे. काठावरची माणसे गुडघाभर, कमरेभर, छातीभर असे उत्तर देतात, ते पायरीपासून टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहून घेता येते.

प्रश्न : मोबाईलवरील एका ॲपने माझ्या घराची उंची उणे ५८ मीटर दाखवली. घर तिसऱ्या मजल्यावर आहे! आम्ही समुद्राखाली राहतो की काय?
— एक वाचक, मुंबई

निश्चिंत राहावे. जीपीएसला समुद्र ठाऊक नसतो. ते पृथ्वीच्या एका आखीव लंबगोल आकारापासून उंची मोजते. समुद्राची सरासरी सपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वर-खाली होते, आणि भारतात ती त्या आखीव आकाराच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा फरक जगात सर्वाधिक, शंभर मीटरांहून जास्त आहे. मुंबई-पुण्याच्या परिसरात तो साठ मीटरांच्या वर आहे. काही ॲप हा फरक दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. आपल्या ॲपने तो केलेला नाही, इतकेच.

गंमत वाटली तरी पूरनकाशाच्या कामात ही चूक महागात पडते. एका सर्वेक्षणात मी स्वतः जीपीएसने घेतलेल्या पूरखुणा सरळ उंचीच्या प्रतिमानावर टाकल्या आणि सगळ्या खुणा जमिनीखाली गेलेल्या पाहून अर्धा दिवस यंत्राला दोष देत बसलो होतो. शिवाय मोबाईलमधील उंचीत काही मीटरांची चूक सहज असते, म्हणून पुराची उंची मोबाईलने मोजू नये. ठिकाण नोंदवायला तो चांगला आहे.

प्रश्न : २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुराची उपग्रहाने टिपलेली चित्रे सगळीकडे पाहिली. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुराचे तसे चित्र का पाहायला मिळत नाही?
— एक वाचक, चिपळूण

पावसाळ्यात सह्याद्रीवर आणि कोकणात ढग इतके दाट असतात की साध्या छायाचित्र घेणाऱ्या उपग्रहांना खालचे काहीच दिसत नाही. त्यामुळे पुरासाठी रडार उपग्रह वापरतात, कारण त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि त्यांना रात्रीचाही अडसर नसतो. युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रे २०१४ पासून सर्वांना मोफत मिळतात; भारताचा ईओएस-०४ हा रडार उपग्रह फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडण्यात आला, आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा चित्रांवरून पुराचे नकाशे तयार करते. आसाम व बिहार या राज्यांसाठी या केंद्राने अनेक वर्षांची चित्रे एकावर एक ठेवून, कोणती जमीन किती वेळा बुडाली हे दाखवणारे पूरधोक्याचे नकाशासंग्रहही केले आहेत.

पण उपग्रह आपल्या गावावर उभा नसतो. सेंटिनेल-१ चा एक उपग्रह त्याच मार्गावर बारा दिवसांनी परत येतो. कृष्णाकाठचा २०१९ चा पूर आठवडाभराहून अधिक काळ टिकला, म्हणून तो कुठल्या ना कुठल्या फेरीत सापडला. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचे पाणी पहाटे चढले आणि दीड-दोन दिवसांत उतरले. असा पूर दोन फेऱ्यांच्या मधे येऊन निघून गेला तर चित्रात उरतो तो फक्त चिखल. त्यामुळे केवळ उपग्रहचित्रांवरून काढलेल्या पूरप्रवण नकाशात संथ पुराचे प्रदेश ठळक दिसतात आणि महाड-चिपळूणसारखी झटक्याच्या पुराची गावे फिकी पडतात. वाशिष्ठीला खाडीच्या भरतीचीही साथ असते. पुराचे पाणी आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला वाट उरत नाही, आणि ही वेळ कोणत्याच उंचीच्या नकाशात लिहिलेली नसते.

रडारच्या डोळ्याचेही दोष आहेत. संथ पाणी आरशासारखे वागते, लहरी पलीकडे परतवते आणि चित्रात काळे दिसते. काळा भाग म्हणजे पाणी, असे मग आपण मानतो. ऑगस्टमध्ये पुरुषभर वाढलेल्या उसाच्या फडात चार फूट पाणी असले तरी लहरी पानांवरूनच परततात आणि फड कोरडा वाटतो. कृष्णाकाठी ऊस किती आहे हे लक्षात घेतले, तर चित्रातला पूर प्रत्यक्षाहून लहान असणार हे उघड आहे. गावठाणात घराची भिंत आणि खालचे पाणी यांच्यावर आपटून लहरी उलट जोराने परततात आणि बुडालेली गल्ली काळी न दिसता उजळ दिसते. कोकणात याच्या विरुद्ध घडते: नुकत्याच लावणी झालेल्या भातखाचरातले पाणी काळे दिसते, पण तो पूर नव्हे, ती शेती आहे, डोंगराच्या आडोशाला पडणारी रडारची सावलीही काळीच दिसते. म्हणून पुराआधीचे आणि पुरातले अशी एकाच मार्गावरची दोन चित्रे ताडून पाहावी लागतात, आणि उंचीच्या प्रतिमानावरून चढाचा भाग वगळावा लागतो.

चिपळूणसाठी पुराची कड दुकानांच्या शटरवर आणि घरांच्या भिंतींवर होती. ती रंगकाम होण्यापूर्वी कुणी मोजली असेल, तर तोच आपला उपग्रह.

प्रश्न : सांगलीत भूखंड घ्यायचा आहे. तो निळ्या आणि लाल रेषेच्या मधे येतो असे सांगतात. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, मग काळजी कशाला, असे विक्रेता म्हणतो. खरे काय?
— एक वाचक, मिरज

महाराष्ट्रात पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून नदीकाठी दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. स्थूलमानाने सांगायचे तर निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तर निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रात बांधकाम अटींवर करता येते आणि जोते लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावे लागते. केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानांच्या विभागणीसाठी नमुना विधेयक १९७५ मध्येच राज्यांकडे पाठवले होते. इतक्या वर्षांत राज्यांनी त्याचे काय केले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे, आणि काल येऊन गेला म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. घराचे कर्ज तीस वर्षांचे धरले, तर त्या तीस वर्षांत लाल रेषेपर्यंतचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, आणि निळ्या रेषेपर्यंतचा येण्याची सुमारे ७१ टक्के होते. विक्रेत्याने हे आकडे सांगितले असतील असे वाटत नाही. शिवाय हे गणित मागच्या नोंदींवर उभे असते. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. असे मोठे पूर नोंदीत भरले, की पूर्वी ज्याला शंभर वर्षांचा म्हणत होतो तो पूर अधिक वारंवार येणारा ठरतो आणि रेषा बाहेर सरकवावी लागते. म्हणून आपल्याला दाखवलेली रेषा कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवरून आखली आहे, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट, रेषा आणि भूखंड यांचा मेळ. गटनकाशे मूळचे कागदावरचे. ते अक्षांश-रेखांशांवर बसवताना काही मीटर इकडे-तिकडे होतात. संगणकाच्या पडद्यावर गटाची हद्द पूररेषेला चाटून जात असेल, तर तो पुरावा मानू नये. जलसंपदा विभागाने प्रमाणित केलेला नकाशा आणि तिथली लाल रेषेची मीटरमधील पातळी मागून घ्यावी, आणि भूखंडाची पातळी भूमापकाकडून प्रत्यक्ष काढावी. दोन आकड्यांची वजाबाकी कोणत्याही रंगीत नकाशापेक्षा अधिक सांगते. त्याआधी शेजाऱ्यांना २०१९ मध्ये पाणी कुठवर होते ते विचारावे, त्याला तर काहीच खर्च नाही.

प्रश्न : आमची सोसायटी नदीपासून दूर आहे, पूररेषेतही नाही. तरी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी शिरले. नकाशात हे का दिसत नाही?
— एक वाचिका, पुणे

कारण पूररेषा नदीच्या आहेत आणि आपल्याकडे आला तो ओढा. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा त्या रात्री काठावरच्या वस्त्यांतून गेला. शहरात ओढे वळवले जातात, भिंतींत कोंडले जातात, स्लॅबखाली जातात, आणि ३० मीटरच्या उंचीच्या प्रतिमानाला दहा-पंधरा मीटर रुंदीचा नाला दिसतच नाही. त्याच्या जागी इमारतींची छपरे दिसतात. शहरासाठी ड्रोनने किंवा लेझरने घेतलेली मीटरभर बारकाईची उंची लागते, आणि तिच्या जोडीला पावसाळी गटारांचा, मोऱ्यांचा व त्यांच्या व्यासांचा नकाशा. जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर, आपल्या परिसरातला ओढ्याचा मूळ मार्ग पाहावा. पाणी पुष्कळदा त्याच मार्गाने परत आलेले आढळते.

प्रश्न : अलमट्टीमुळे सांगली बुडते की नाही, हे जीआयएसने एकदाचे ठरवता येणार नाही का?
— अनेक वाचक

केवळ नकाशाने नाही. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि सांगलीची पातळी अमुक आहे, अशी दोन उंच्यांची तुलना दोन्ही बाजूंनी केली जाते. ती अपुरी आहे, कारण वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. त्यासाठी दोनशेहून अधिक किलोमीटरच्या पात्राचे छेद, मधले सर्व पूल व बंधारे आणि तासा-तासाचा विसर्ग घेऊन प्रवाहाचे प्रतिरूप चालवावे लागते. जीआयएस त्याला जमीन पुरवते, उत्तर नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला स्वतःचा पूरनकाशा करायचा आहे. तज्ज्ञ येईपर्यंत आम्ही काय करू शकतो?
— एक ग्रामपंचायत सदस्य, करवीर तालुका

तज्ज्ञाला जे सर्वांत जास्त लागते आणि त्याच्याकडे जे मुळीच नसते, ते आपल्याकडे आहे. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा ज्या घरांवर, देवळांवर, शाळेच्या भिंतीवर अजून ओळखू येतात किंवा घरातल्या माणसांना नक्की आठवतात, त्यांची यादी करावी आणि प्रत्येक ठिकाणी तैलरंगाने रेघ मारून वर्ष लिहावे. दोन वेगळ्या माणसांच्या सांगण्यात वीतभरापेक्षा जास्त फरक पडला तर ती खूण सोडून द्यावी. सर्व रेघा झाल्यावर एखाद्या भूमापकाकडून एका दिवसात लेव्हल यंत्राने त्यांची उंची एकमेकींच्या सापेक्ष काढून घ्यावी. एकाच पुराच्या, एकाच काठावरच्या खुणा जवळपास एका पातळीत यायला हव्यात. एखादी फार वेगळी आली तर ती खूण तरी चुकली आहे किंवा मधे काहीतरी पाणी अडवते आहे, आणि दुसरी शक्यता शोधण्यासारखी असते.

यानंतरचे काम कोल्हापूरकर पूर्वीपासून तोंडी करत आलेच आहेत. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले. शहरात पाणी वाढू लागले की सुतारवाड्याचे स्थलांतर आधी होते, हे तिथे कुणालाही विचारावे. तसेच आपल्या गावासाठी लिहून काढावे: बंधाऱ्यावर किती फूट असताना स्मशानभूमीचा रस्ता बंद होतो, किती असताना मळीतल्या विहिरी बुडतात, किती असताना पहिले घर, किती असताना शाळा. हे फूट बंधाऱ्याच्या शून्यापासून मोजलेले असतात, समुद्रसपाटीपासून नव्हे, म्हणून नकाशावर चढवण्यापूर्वी त्या शून्याची उंची जलसंपदा विभागाकडून घ्यावी लागेल. आणि आपले गाव बंधाऱ्याच्या वर आहे की खाली, किती अंतरावर आहे, यावर पाणी पोहोचायला लागणारा वेळ ठरतो. तोही मागच्या दोन पुरांवरून तासांत लिहावा.

हे कोष्टक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले तरी चालेल. क्यूजीआयएस येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी गावात असेल, तर प्रत्येक पातळीसाठी एक अशी पाण्याची कड गटनकाशावर काढता येईल, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी चढताना ती रोज तपासता येईल. चुकलेली कड खोडू नये. तिच्या शेजारी खरी कड वेगळ्या रंगाने काढावी आणि तारीख टाकावी.